छापखाना आला, पण कोणासाठी?

ऑटोमन साम्राज्याच्या १७१८ ते १७३० या काळाला इतिहासकारांनी ‘ट्युलिप युग’ असं गोंडस नाव दिलंय. ते श्रीमंतांच्या बागांमधल्या फुलांवरून पडलं, बागेत राबणाऱ्यांवरून नाही.

१६९९च्या कार्लोविट्झ तहात हंगेरीचा मोठा भाग गेला आणि १७१८च्या पासारोविट्झ तहात बेलग्रेड. तलवार चालेना, तेव्हा मुख्य वजीर दामाद इब्राहिम पाशाने राजनयाचा रस्ता धरला. १७२० मध्ये मेहमेद चेलेबी वकील म्हणून पॅरिसला निघाला, सोबत मुलगा सईद. बापाने कालवे, बागा, वेधशाळा, ऑपेरा पाहून अहवाल लिहिला. सईदने परतल्यावर इब्राहिम मुतेफेरिकासोबत छापखान्याची खटपट केली. हा मुतेफेरिका मूळचा ट्रान्सिल्व्हेनियाचा, धर्मांतर करून मुसलमान झालेला.

आता नीट बघा. इस्तंबूलमध्ये ज्यूंचा छापखाना १४९३ पासून होता, आर्मेनियनांचा १५६७ पासून. म्हणजे यंत्र नवं नव्हतंच. अडली होती ती परवानगी. १७२७ मध्ये सुलतान तिसऱ्या अहमदच्या फर्मानाने ती मिळाली, तीही अट घालून: शब्दकोश, इतिहास, विज्ञान छापा, कुराण, हदीस, धर्मशास्त्राला हात लावू नका. नकलनवीसांच्या पोटाचा प्रश्न होता, असं स्पष्टीकरण बरेचजण देतात. मला ते अपुरं वाटतं. ज्या धर्मशास्त्रावर माणसाचं लग्न, वारसा, शिक्षा ठरायची, नेमकं तेच हस्तलिखितात आणि उलेमांच्या ताब्यात राहिलं. ज्ञानाची मक्तेदारी कुठे सैल करायची आणि कुठे नाही, हे सत्तेला पक्कं माहीत असतं. १७२९ मध्ये पहिलं पुस्तक निघालं, अरबी-तुर्की शब्दकोश.

१७३० मध्ये इराणच्या आघाडीवर तब्रीझ हातचं गेलं आणि करांनी पिचलेली राजधानी पेटली. पुढारी होता पात्रोना खलील, जुने कपडे विकणारा माजी सैनिक. वजीर मारला गेला, सुलतानाला गादी सोडावी लागली, सादाबादचे विलासमहाल उद्ध्वस्त झाले. या लोकांना ‘सुधारणाविरोधी धर्मांध’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण छापखाना त्यानंतरही चालू राहिला. १७३२ मध्ये मुतेफेरिकाने तिथेच स्वतःचा राज्यकारभारावरचा ग्रंथ छापला. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींचं राज्यही असू शकतं, हे त्यात तुर्कीत लिहिलेलं होतं. ग्रंथ नव्या सुलतानाला, पहिल्या महमूदला सादर झाला. पात्रोना खलीलला त्याआधीच राजवाड्यात बोलावून ठार करण्यात आलं होतं.