सायकलवरील सामानवहन
सायकलवर ओझे नेण्याच्या पद्धती. वजन किती, यापेक्षा ते कोठे आहे याला महत्त्व. पाठीवरच्या पिशवीने गुरुत्वमध्य वर जातो, पाठही घामेजते. हँडलला लटकवलेली पिशवी वळताना झोके घेते, क्वचित चाकाच्या आऱ्यांत अडकते. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, आसाजवळ, पण टाच लागणार नाही इतके मागे टांगलेले ओझे सर्वांत स्थिर. दूधवाले कॅन असेच लावतात. मुंबईचे डबेवाले हँडललाही डबे अडकवतात, पण तो सरावाचा भाग. व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या लढाईत (१९५४) सायकलींवर २०० किग्रॅ. व त्याहूनही अधिक रसद लादली जाई; मात्र त्या चालवत नसत, हँडलला बांबू बांधून ढकलत नेत.