तळे शाळेत आले तेव्हा

प्राथमिक शाळेच्या पुस्तकांत ‘जोड्या लावा’ हा प्रश्न हमखास असतो. एका बाजूला वाघ, मासा, बेडूक, मुंगी. दुसऱ्या बाजूला जंगल, नदी, तळे, वारूळ. मुले भराभर रेघा ओढतात आणि पूर्ण गुण मिळवतात. त्याच मुलांना पुढचा प्रश्न विचारून पाहावा : तळे बुजवले तर बेडूक कुठे जाईल? ‘दुसऱ्या तळ्यात’, असे उत्तर चटकन येते. त्यात मुलांचे काही चुकत नाही. आपण अधिवास हा प्राण्याचा पत्ता म्हणून शिकवलेला असतो, आणि पत्ता बदलता येतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतल्या शाळांत ही कल्पना आली, ती मात्र याच्या अगदी उलट गोष्ट सांगण्यासाठी. हा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असे आम्हांला वाटते.

त्याची सुरुवात शाळेत झाली नाही, समुद्रात झाली. कार्ल मोबियस (१८२५-१९०८) हे प्राणिशास्त्रज्ञ १८६८ मध्ये उत्तर जर्मनीतल्या कील विद्यापीठात प्राध्यापक झाले. (‘मोबियसची पट्टी’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते गणिती वेगळे.) त्या काळी कालवांना युरोपात मोठी मागणी होती. आपल्याकडे कोकणच्या खडकांवर कालवे मिळतात, त्यांचेच हे भाईबंद. कालवांची लागवड जर्मनीच्या किनाऱ्यावर इतरत्र करता येईल का, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या सरकारने मोबियस यांच्याकडे सोपवले. त्यांचे पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. निष्कर्ष सरकारला हवा तसा नव्हता : कालव कुठेही नेऊन रुजवता येणार नाही.

कारणे साधी होती. कालवाचे डिंभ काही दिवस पाण्यात पोहतात आणि मग एखाद्या टणक पृष्ठभागाला कायमचे चिकटतात. खाली मऊ चिखल किंवा सरकती वाळू असेल तर ते मरतात. पाण्याचा खारटपणा, तापमान आणि प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म अन्न हे सारे जुळावे लागते. शिवाय डिंभांना खाणारे आणि जागेसाठी झगडणारे शेजारी असतातच. दहा लाखांहून अधिक डिंभांमागे एखादेच कालव पूर्ण वाढते, असा हिशेब मोबियस यांनी मांडला. फ्रान्सच्या काही किनाऱ्यांवर कालवांचा बेसुमार उपसा झाला तेव्हा रिकाम्या जागी दुसऱ्या जातींचे शिंपले वाढले, हेही त्यांनी नोंदवले. एक घटक बदलला की सगळ्यांचा हिशेब बदलतो. अशा परस्परांत गुंतलेल्या समुदायाला त्यांनी ‘बायोसिनोसिस’, म्हणजे जीवसमुदाय, हे नाव दिले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे कालव जर्मनीच्या किनाऱ्यावरून जवळपास नाहीसे झाले. आता ते पुन्हा वसवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मोबियस यांची ही कल्पना शाळेत नेली फ्रीडरिख युंगे (१८३२-१९०५) यांनी. युंगे कीलमध्येच शिक्षक होते. त्या वेळी जर्मन शाळांत निसर्ग शिकवण्यावर आउगुस्ट ल्यूबेन यांच्या पद्धतीचा पगडा होता. एकेक प्राणी किंवा वनस्पती घ्यायची, तिच्या अवयवांचे वर्णन करायचे, दुसरीशी तुलना करायची आणि वर्गीकरणात तिची जागा ठरवायची. निरीक्षणाची सवय लागायची, पण प्राणी जगतो कसा हा प्रश्न बाजूलाच राहायचा.

युंगे यांचे पुस्तक १८८५ मध्ये निघाले. नाव होते ‘गावतळे : एक जीवसमुदाय’. त्यांनी गावातलेच एक तळे निवडले आणि त्यातल्या व त्याच्या काठच्या जिवांचा विचार एकत्र केला. राहण्याची जागा, जगण्याची रीत आणि शरीराची घडण यांचा मेळ असतो, हे त्यांचे मुख्य सूत्र. या दृष्टीने पाणभुंगा पाहिला की त्याचे वल्ह्यासारखे, केसाळ मागचे पाय म्हणजे केवळ पाठ करायचे ‘लक्षण’ राहत नाही. तो शेपटीचे टोक पाण्याबाहेर काढतो आणि पंखांच्या कवचाखाली हवा भरून घेतो. म्हणजे पाण्यात राहूनही त्याला हवेची गरज आहे. तो डिंबके खातो. डिंबके शेवाळ खातात, आणि शेवाळाला ऊन लागते. एका किड्यापासून निघून मूल सूर्यापर्यंत पोहोचते. अमेरिकेतल्या स्टीफन फोर्ब्ज यांचा, तलावाकडे एक छोटे विश्व म्हणून पाहणारा प्रसिद्ध निबंध १८८७ मधला. एका शाळाशिक्षकाचे पुस्तक त्याच्याही दोन वर्षे आधीचे आहे, याचा शिक्षकांना अभिमान वाटायला हरकत नाही.

युंगे यांच्या वाटेने पुढे जंगल, कुरण यांवरही पाठ तयार झाले. पण एक अडचण होती. सूत्रे नियमांच्या रूपात मांडली की लहान मुलांना ती जड जातात आणि नियमच पाठ होऊ लागतात. हा धोका आपल्याकडेही आहे. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक स्तरावर परिसर अभ्यासाचा आग्रह धरला. महाराष्ट्रातही ‘परिसर अभ्यास’ हा विषय आला. परिसर मात्र बऱ्याचदा पुस्तकातल्या चित्रातच राहतो.

तिसरी-चौथीच्या मुलांना नियम सांगायची गरज नाही. शाळेजवळची एकच जागा निवडावी : पावसाळी डबके, कुंपणाची भिंत किंवा एखादे उंबराचे झाड. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार वेळा तिथे जावे. डबके असेल तर मोठ्यांनी सोबत असावेच. दर वेळी तीनच प्रश्न विचारावेत. इथे कोण आहे? ते काय खाते, त्याला कोण खाते? मागच्या वेळी होते, ते आता का नाही? मार्चमध्ये डबके आटलेले दिसेल. तेव्हा ‘बेडूक कुठे गेला?’ हा प्रश्न मुलेच विचारतील. ओल्या मातीत खोल दडून तो पावसाची वाट पाहत असू शकतो, हे तेव्हा सांगावे. आणि मग पहिला प्रश्न पुन्हा विचारावा : ही जागा बुजवून वर सिमेंट घातले तर? या वेळी ‘दुसऱ्या तळ्यात’ हे उत्तर पूर्वीइतक्या चटकन येणार नाही.