बंद पडलेले पिस्तूल : घाई हाच खरा धोका

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर हातातील पिस्तूल निकामी झाले असा समज चटकन होतो. तो बहुधा चुकीचा असतो. नळीत काडतूस तसेच असू शकते, त्याचा स्फोट क्षणभर लांबलेला असू शकतो किंवा आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यामुळे व्यवस्थित चालणाऱ्या पिस्तुलापेक्षा मध्येच बंद पडलेले पिस्तूल अधिक सावधपणे हाताळावे, हा नेमबाजीच्या प्रशिक्षणातील अगदी प्रारंभीचा धडा आहे.

या धड्याचे मोल एका दुर्घटनेने जगाला दाखवून दिले. ३१ मार्च १९९३ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टन येथे 'द क्रो' या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होते. ब्रूस ली यांचा २८ वर्षांचा पुत्र ब्रँडन ली त्यात नायकाची भूमिका करीत होता. आधीच्या एका दृश्यासाठी रिव्हॉल्व्हरमध्ये बारूद काढून टाकलेले देखाव्याचे काडतूस भरण्यात आले होते. बारूद नसले तरी त्याच्या तळाशी असलेली ठिणगी देणारी टोपी, म्हणजे प्रायमर, शाबूत होती. चाप ओढला गेला, तेव्हा तेवढ्या जोरावर गोळी पुढे सरकली आणि नळीतच अडकली. नळी कोणी तपासली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये केवळ आवाज करणारे काडतूस भरून ते झाडण्यात आले, तेव्हा अडकलेली गोळी बाहेर पडून लीच्या पोटात घुसली. शस्त्रक्रिया करूनही त्याचे प्राण वाचले नाहीत.

<b>बिघाड कसा होतो?</b>

स्वयंभरण पिस्तुलात प्रत्येक गोळीबरोबर क्रियांची एक साखळी पूर्ण होते. फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, बारूद पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. त्याच धक्क्याने स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येणारी स्लाइड मॅगझीनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. यातील एक कडी जरी निसटली तरी पिस्तूल थांबते.

सर्वांत सामान्य बिघाड म्हणजे काडतूस न पेटणे. पिनचा ठसा उमटतो, 'टक्' असा आवाज येतो, पण स्फोट होत नाही. दुसरा प्रकार पुंगळी अडकण्याचा. बाहेर पडणारी पुंगळी स्लाइड आणि नळी यांच्यामध्ये धुराड्यासारखी उभी राहते. मनगट सैल ठेवल्यास स्लाइडला पुरेसा आधार मिळत नाही आणि नवशिक्यांच्या हाती हा प्रकार वारंवार घडतो. तिसरा प्रकार दुहेरी भरणाचा. रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहते आणि मागून आलेले नवे काडतूस तिच्यावर जाऊन अडते. चौथा आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे अपुऱ्या बारुदाचे काडतूस. त्याचा आवाज दबका येतो, धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवतो आणि गोळी नळीतच राहण्याचा संभव असतो. अशा वेळी पुढची गोळी झाडल्यास नळी फुटून नेमबाजाचा हात आणि डोळे गमावण्याची वेळ येऊ शकते.

<b>बिघाड झाल्यावर काय करावे?</b>

पिस्तूल थांबताच नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेने स्थिर ठेवावे आणि बोट चापावरून काढून घ्यावे. काय झाले हे पाहण्यासाठी पिस्तूल स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे वळवणे, ही बिघाडाच्या वेळची सर्वांत मोठी चूक होय. त्यानंतर किमान ३० सेकंद थांबावे. क्वचित प्रसंगी प्रायमरची ठिणगी बारुदापर्यंत पोहोचण्यास विलंब लागतो आणि चाप ओढल्यानंतर काही क्षणांनी गोळी सुटते. ही प्रतीक्षा त्यासाठीच असते.

थांबल्यानंतर आधी मॅगझीन काढावे आणि मगच स्लाइड मागे ओढावी. हा क्रम उलटा झाला, तर अडकलेले काडतूस बाहेर पडते खरे. पण मॅगझीनमधील दुसरे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. पिस्तूल रिकामे केले असे समजून चाप ओढणाऱ्यांचे अनेक अपघात याच चुकीतून होतात. स्लाइड ओढताना पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीवर तळहात ठेवू नये आणि तेथे डोकावूही नये. दुहेरी भरण झाले असल्यास स्लाइड मागे अडकवून मॅगझीन काढावे व नंतर ती दोन-तीन वेळा जोराने मागे-पुढे करावी. शेवटी स्लाइड उघडी ठेवून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे.

आवाज दबका आला असेल, तर चाप पुन्हा ओढूच नये. पिस्तूल रिकामे करून, स्लाइड उघडी ठेवून नळी आरपार मोकळी आहे का, याची मागच्या बाजूने खात्री करावी. गोळी अडकली असल्यास ती काढण्याचे काम शस्त्र कारागिराकडे सोपवावे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायासाठीही परवाना लागतो, तेव्हा ओळखीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्याकडे शस्त्र नेणे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. न पेटलेले काडतूस घरी नेऊ नये किंवा उघडून पाहू नये. ते रेंजवरील अधिकाऱ्याकडे द्यावे.

रिव्हॉल्व्हरमध्ये नापेट काडतुसाची समस्या वरकरणी सोपी वाटते. चाप पुन्हा ओढला की चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. परंतु आधीच्या काडतुसाचा स्फोट लांबलेला असेल, तर ते नळीसमोरून बाजूला सरकल्यावर फुटू शकते. म्हणून सरावात रिव्हॉल्व्हर बंद पडल्यावरही थांबण्याचा नियम तसाच लागू होतो. चक्र फिरेनासे झाले, तर नळीच्या मुखाशी गोळी अडकल्याची शंका घ्यावी.

पोलीस व लष्करी प्रशिक्षणात मॅगझीनच्या तळाशी थाप मारून, स्लाइड ओढून लगेच पुन्हा गोळी झाडण्याची पद्धत शिकवली जाते. समोरून गोळीबार होत असताना ३० सेकंद थांबणे शक्य नसते, म्हणून तेथे हा धोका पत्करला जातो. सराव करणाऱ्या नागरिकाला तो पत्करण्याचे काहीच कारण नाही.

<b>स्पर्धेतील शिस्त</b>

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. या प्रकाराच्या वेगवान टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद मिळतात. त्या क्षणी पिस्तूल अडकले तरी नेमबाजाने नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज अधिकाऱ्याची वाट पाहायची असते. काडतूस पेटले नाही किंवा पुंगळी बाहेर पडली नाही, तर तो मान्य बिघाड ठरतो व राहिलेल्या गोळ्या झाडण्याची संधी मिळते. मात्र अधिकारी येण्यापूर्वी स्लाइडला वा यंत्रणेला हात लावला, काडतुसे कमी भरली किंवा मॅगझीन नीट बसवले नाही, तर बिघाड अमान्य होतो आणि न झाडलेल्या गोळ्यांना शून्य गुण मिळतात. घाईला येथे गुणांचा दंड आहे.

बारुदाचा संबंध नसलेल्या एअर पिस्तुलालाही बिघाड चुकत नाही. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच मनूने २०२४ मध्ये पॅरिस येथे दोन कांस्यपदके जिंकली.

<b>प्रतिबंध हाच उपाय</b>

बहुतेक बिघाडांचे मूळ काडतूस, मॅगझीन आणि स्वच्छता यांत असते. मॅगझीनचे वाकलेले ओठ, कमकुवत झालेली स्प्रिंग, चेंबरमध्ये साचलेली काजळी आणि जुनी काडतुसे ही नेहमीची कारणे होत. पावसाळ्यातील दमट हवेत काडतुसे कोरड्या, बंद डब्यात ठेवावीत. तेलाचा अतिरेकही घातकच. ते प्रायमरमध्ये झिरपल्यास काडतूस पेटत नाही. शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळी कुलूपबंद ठेवावीत. काडतुसे उत्पादकाने ठरवून दिलेल्या मापाचीच वापरावीत.

यंत्र म्हटले की बिघाड आलाच. परंतु नळीची दिशा सुरक्षित असेल, बोट चापापासून दूर असेल आणि हाताला घाई नसेल, तर बिघाडाचा अपघात होत नाही. विल्मिंग्टनला कमी पडली ती फक्त नळी तपासण्यापुरती काही सेकंदांची सवड.