इंग्लंडमधील स्थानिक प्रशासन आणि प्रतिपालक कुटुंबांचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

आईवडिलांच्या छत्राला पारखे झालेले मूल संस्थेत वाढवावे की कुटुंबात, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडने तत्त्वतः कुटुंबाच्या बाजूने फार पूर्वीच दिले. मात्र अशी कुटुंबे मिळवायची कोठून, त्यांना मोबदला काय द्यायचा आणि मूल सोपविल्यानंतर त्यांच्या पाठीशी कोणी उभे राहायचे, हे प्रश्न स्थानिक प्रशासनाला दीर्घकाळ सोडविता आले नाहीत. दत्तकविधानात मूल कायमचे नव्या घराचे होते. प्रतिपालनात कुटुंब केवळ सांभाळ करते. जबाबदारी प्रशासनाचीच राहते. या दुहेरी नात्यातून निर्माण झालेल्या अडचणींचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. गरीब कायदा आणि चार शिलिंगांची मर्यादा :

१८३४ च्या गरीब कायद्याने निराधारांची व्यवस्था गार्डियन मंडळांकडे सोपविली. अनाथ मुले प्रौढ निराधारांसह वर्कहाउसमध्ये वाढू लागली. स्कॉटलंडमध्ये अशी मुले खेड्यांतील कुटुंबांत ठेवण्याची प्रथा रूढ होती. तिचा दाखला देत सुधारकांनी इंग्लंडमध्येही आग्रह धरला आणि १८७० मध्ये पुअर लॉ बोर्डाने ‘बोर्डिंग-आउट’चा आदेश काढला. त्यानुसार अनाथ व टाकून दिलेली मुले युनियनच्या हद्दीबाहेरील कुटुंबांत ठेवता येऊ लागली. घरांची निवड व देखरेख स्वयंसेवी समित्यांकडे होती आणि सांभाळखर्चाची कमाल मर्यादा आठवड्याला चार शिलिंग ठरविण्यात आली.

ही मर्यादा केवळ काटकसरीपोटी आलेली नव्हती. त्याच वर्षी, पैसे घेऊन तान्ही मुले सांभाळणाऱ्या मार्गारेट वॉटर्स हिला एका अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी झाली आणि १८७२ मध्ये अर्भक संरक्षण कायदा संमत झाला. पैशासाठी मूल घेणारी व्यक्ती संशयास्पद, अशी समजूत दृढ झाली. मोबदला इतका कमी असावा की लोभी माणूस पुढे येऊ नये, हा त्यामागील तर्क होता. परंतु त्यामुळे सुस्वभावी पण गरीब कुटुंबाच्याही वाटेत अडथळा निर्माण होतो, याकडे दुर्लक्ष झाले. १८८५ मध्ये कुमारी मेसन यांची अशा मुलांच्या निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्या मुलांचे बूट-मोजे उतरवून पाय तपासत, कारण स्वच्छ कपड्यांखाली हेळसांड झाकता येते, हे त्यांना ठाऊक होते. मात्र पुढील काळात अशी दक्षता सर्वत्र टिकली नाही.

२. न्यूपोर्टचा मुलगा आणि १९४८ चा कायदा :

१९२९ च्या स्थानिक शासन कायद्याने गार्डियन मंडळे संपुष्टात आणून त्यांची कामे काउंटी व काउंटी बरो कौन्सिलांकडे दिली. १९३३ च्या कायद्यानुसार न्यायालय एखादे मूल ‘योग्य व्यक्ती’ म्हणून स्थानिक प्राधिकरणाच्याच स्वाधीन करू शकत असे. (‘योग्य व्यक्ती’ ही संज्ञा भारताच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही आढळते.) पुढे महायुद्धकाळात शहरांतील लाखो मुले खेड्यांत पाठविली गेल्याने चांगली घरे मिळणे अधिकच दुष्कर झाले.

या परिस्थितीत ९ जानेवारी १९४५ रोजी श्रॉपशायरमधील एका शेतघरात डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाण व उपासमारीने मरण पावला. त्याची जबाबदारी वेल्समधील न्यूपोर्टच्या कौन्सिलची होती. घर मात्र दुसऱ्या काउंटीत होते. देखरेख कोणी करावयाची याविषयी दोन प्राधिकरणांत स्पष्टता राहिली नाही. सर वॉल्टर मंक्टन यांच्या चौकशीने या उणिवा उघड केल्या. अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाची प्रेरणाही हीच घटना होती.

मायरा कर्टिस यांच्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. एवढी भीषण घटना घडूनही समितीने प्रतिपालनाचा मार्ग सोडला नाही. दत्तक देणे शक्य नसेल तेथे संस्थेपेक्षा कुटुंबच श्रेयस्कर, मात्र त्यामागे प्रशिक्षित व व्यक्तिशः उत्तरदायी अधिकारी हवा, असा तिचा निष्कर्ष होता. १९४८ च्या बालक कायद्याने प्रत्येक काउंटी व काउंटी बरो कौन्सिलला बालक समिती व बालक अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि प्रतिपालनाला अग्रक्रम दिला.

३. बालक अधिकाऱ्यांचे प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा :

नव्या अधिकाऱ्यांनी स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती, महिला मंडळांतील व्याख्याने आणि चर्चमधील आवाहने यांद्वारे कुटुंबे मिळविली. सुमारे एक तृतीयांश असलेले प्रतिपालित मुलांचे प्रमाण १९६० च्या दशकाच्या प्रारंभी निम्म्यावर गेले. या वाढीमागे बालहिताइतकीच अर्थकारणाचीही प्रेरणा होती. १९५२ मध्ये संसदेच्या अंदाज समितीने प्रतिपालनाचा पुरस्कार करताना ते संस्थेहून स्वस्त पडते, हे आवर्जून नोंदविले. घरे वाढली, त्या मानाने आधार वाढला नाही. रॉय पार्कर यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घ मुदतीच्या जवळपास निम्म्या व्यवस्था अयशस्वी ठरल्याचे दिसले. मूल एका घरातून दुसऱ्या घरात जाणे म्हणजे त्याच्या दृष्टीने पुन्हा एकदा नाकारले जाणेच होते.

४. केंटचा प्रयोग :

१९७१ मध्ये बालक विभाग नव्या समाजसेवा विभागांत विलीन झाले आणि १९७४ मध्ये प्रतिपालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी केंट काउंटीत नॅन्सी हेझल यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोग सुरू झाला. ज्यांना कोणी घरी नेणार नाही असे मानले जाई, त्या किशोरवयीन मुलांसाठी सांभाळखर्चाव्यतिरिक्त कामाचा स्वतंत्र मोबदला देऊन प्रतिपालक नेमले गेले. त्यांना प्रशिक्षण देण्यात आले, त्यांच्या नियमित गटबैठका होत आणि परस्परांच्या अपेक्षा लेखी करारात नोंदविल्या जात. मोबदला दिल्याने माया आटते, या शतकभराच्या समजुतीला येथे प्रत्यक्ष छेद मिळाला. ‘प्रतिपालक आई-वडील’ या शब्दाऐवजी ‘प्रतिपालक’ हा शब्द पुढे रूढ होत गेला, तो याच बदलाचा द्योतक होय.

५. अलीकडील काळ :

यानंतर खासगी संस्थांशी स्पर्धा वाढली. अनुभवी प्रतिपालक तिकडे वळू लागल्याने कौन्सिलांना त्यांना टिकवून ठेवण्याचाही विचार करावा लागला. २००७ पासून इंग्लंडमध्ये सांभाळखर्चाची किमान राष्ट्रीय पातळी निश्चित करण्यात आली. २०१५ पासून प्रसृत झालेल्या, मूळ अमेरिकेतील ‘मॉकिंगबर्ड’ पद्धतीत एका अनुभवी प्रतिपालकाच्या घराभोवती काही कुटुंबांचा गट बांधला जातो. जणू विस्तारित कुटुंबच उभे राहते. २०२३ पासून अनेक कौन्सिलांनी एकत्र येऊन प्रादेशिक भरती केंद्रे उभारण्यास सुरुवात केली.

निष्कर्ष :

दीड शतकाच्या या इतिहासातून असे दिसते की, प्रतिपालकांची भरती आणि त्यांना दिला जाणारा आधार ही दोन स्वतंत्र कामे नाहीत. जेथे प्रशासनाने केवळ आवाहन केले आणि मूल सोपवून पाठ फिरविली, तेथे घरे तुटली. क्वचित प्रसंगी मूलच दगावले. मोबदल्याविषयीच्या संशयाने लोभी माणसांना पूर्णपणे रोखले नाही, पण चांगल्या माणसांचे ओझे मात्र वाढविले. कुटुंबाची ऊब शासनाला निर्माण करता येत नाही. ती टिकून राहावी अशी परिस्थिती निर्माण करणे हेच त्याचे कर्तव्य ठरते.