गरोदरपणातील फ्लू : ताप अंगावर काढू नका

रहिमतपूर परिसरात पावसाळा सुरू झाला की सर्दी-तापाचे रुग्ण वाढतात. घरात इतरांना चार दिवसांत बरा होणारा फ्लू गरोदर स्त्रीला मात्र जड जाऊ शकतो. गरोदरपणात रोगप्रतिकारशक्तीत बदल होतात, शिवाय वाढणाऱ्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते. त्यामुळे न्यूमोनियाचा धोका वाढतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हे जगभर दिसून आले. त्या वेळी पुण्यालाही साथीचा मोठा फटका बसला होता.

लस कधी घ्यावी?
फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून ती गरोदरपणात सुरक्षित आहे. नाकात फवारायची लस मात्र घेऊ नये. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे शक्यतो पावसाळ्यापूर्वीच ती घ्यावी. आईची प्रतिकारशक्ती बाळालाही मिळते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून हे संरक्षण मोलाचे ठरते. सरकारी दवाखान्यात लस उपलब्ध आहे का, हे आशाताईंना विचारा.

ताप आल्यास काय करावे?
"पोटुशी बाईने औषध घेऊ नये" हा समज चुकीचा आहे. अंगात राहिलेला जास्त ताप बाळासाठी अधिक घातक असतो. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून काढ्यावर दिवस घालवू नका. पाणी, पेज, सूप भरपूर घ्या.

लगेच रुग्णालयात कधी जावे?
- धाप लागणे, छातीत दुखणे
- ओठ निळसर पडणे, गुंगी येणे
- औषध घेऊनही ताप न उतरणे
- बाळाची हालचाल कमी वाटणे

अशा वेळी १०८ वर फोन करा. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा.

घरच्यांसाठी
खोकला असलेल्याने मास्क वापरावा, हात साबणाने धुवावेत. डोहाळजेवणाला आजारी पाहुण्यांनी येणे टाळावे, यात मानापमान मानू नये. बाळंतपणानंतर फ्लू झाला तरी आईने मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजत राहावे.