भाड्याचा फ्लॅट विकला गेला तर सामान हलवण्याचा खर्च कोणाचा?

नंदगड : मुलांच्या कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी खानापूर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे बेळगावात फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात. अकरा महिन्यांचा करार, नोटरी केलेला बॉन्ड, की झाले काम. मग मधेच एक दिवस घरमालकाचा फोन येतो, फ्लॅट विकलाय, महिनाअखेर खाली करा. टेम्पो, हमाली, एजंटचे कमिशन, वरून नव्या घराचे डिपॉझिट. हा भुर्दंड कोणी सोसायचा, यावरून मग वाद सुरू होतो.

सरळ उत्तर असे की, 'घर विकल्यास भाडेकरूचा शिफ्टिंग खर्च अमक्याने द्यावा' असे नेमके कलम आपल्याकडच्या कायद्यात नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात खरेदीदाराला स्वतः राहण्यासाठी घर हवे असेल, तर भाडेकरूला एक महिन्याचे भाडे भरपाई म्हणून द्यावे लागते. आपल्याकडे मात्र कराराची मुदत शिल्लक आहे का, बॉन्डमध्ये काय लिहिलेय आणि घर सीमेच्या कोणत्या बाजूला आहे, यावर सगळे ठरते.

आधी बेळगाव-निपाणीकडचे बघू. कर्नाटकचा 1999 चा भाडे कायदा महिना साडेतीन हजारांपेक्षा जास्त भाड्याच्या घरांना लागू नाही. म्हणजे आजचे बहुतेक फ्लॅट त्यातून बाहेरच. त्यांना लागतो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम 109 प्रमाणे फ्लॅट विकला म्हणून भाडेकरार संपत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, एवढेच. 'घरात भाडेकरू आहे हे मला माहीतच नव्हते' असेही खरेदीदाराला म्हणता येत नाही, कारण जो प्रत्यक्ष राहतो त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला आहे असेच कायदा धरतो.

मुदत बाकी असताना मालक घर खाली करा म्हणत असेल, आणि बॉन्डमध्ये मधेच करार मोडण्याची सोय नसेल, तर तो करारभंग होतो. तिथे 1872 च्या करार कायद्याचे कलम 73 कामाला येते. करार मोडल्यामुळे साहजिकपणे होणारे नुकसान मोडणाऱ्याने भरून द्यायचे. समजा भाडे 9,000, पाच महिने बाकी, तसलेच दुसरे घर 11,000 ला मिळाले आणि टेम्पो-हमालीला 6,000 गेले. फरकाचे 10,000 आणि हलवण्याचे 6,000 मिळून 16,000 चा दावा उभा राहतो. मात्र पावत्या हव्यात, आणि वाजवी भाड्याचे घर शोधलेले हवे. उगाच महागडे घर घेऊन फरक मागितला तर तो टिकणार नाही.

उलट बाजूही समजून घ्यावी. 'दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो' असे बॉन्डमध्ये असेल (बहुतेक छापील बॉन्डमध्ये असतेच), तर नोटीस मिळाल्यावर शिफ्टिंगचे पैसे हक्काने मागता येत नाहीत. मुदत संपून नुसते महिन्याच्या भाड्यावर राहत असाल, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरते. खर्च आपलाच. बॉन्ड कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि आपले लोक न वाचताच सही करतात. ते कलम कोणाकडून तरी वाचून घेतलेले बरे.

निपाणी सोडून कागलात गेले की गणित बदलते. महाराष्ट्रात सहसा 'लिव्ह अँड लायसन्स' करार असतो आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे. इथे 1882 चा सुविधाधिकार कायदा लागतो. त्याच्या कलम 59 नुसार नवा मालक जुन्याने दिलेल्या परवान्याला बांधलेला नसतो. म्हणजे राहण्याचा हक्क कर्नाटकापेक्षा कच्चा. पण कलम 63 प्रमाणे सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो. आणि पैसे घेऊन परवाना देणाऱ्यानेच, राहणाऱ्याची चूक नसताना, मुदतीआधी बाहेर काढले तर कलम 64 खाली त्याच्याकडून भरपाई मागता येते. खरेदीदाराच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

डिपॉझिटचे भांडण वेगळे. जुना मालक म्हणतो नव्याकडून घ्या, नवा म्हणतो मी घेतलेच नाही. कलम 109 नुसार विक्री झाली एवढ्यानेच जुना मालक जबाबदारीतून सुटत नाही; भाडेकरूने आपणहून नव्याला जबाबदार मानले तर गोष्ट वेगळी. म्हणून 'डिपॉझिट नव्या मालकाकडे वर्ग' अशा कागदावर, नव्याची सही आणि रक्कम लिहिलेली असल्याशिवाय, सही करू नये. विक्रीची खबर नसताना जुन्या मालकाला दिलेले भाडे मात्र परत भरावे लागत नाही.

व्यवहारात यातली बहुतेक प्रकरणे कोर्टाबाहेरच मिटतात, आणि तेच परवडते. रिकाम्या फ्लॅटला गिऱ्हाईक लवकर मिळते, त्यामुळे विकणाऱ्यालाच घाई असते. शेवटच्या महिन्याचे भाडे माफ, रंगाचे पैसे न कापता पूर्ण डिपॉझिट आणि टेम्पोचा खर्च, एवढे मागायला हरकत नाही. अपार्टमेंटची कमिटी लिफ्ट वापराचा शिफ्टिंग चार्ज घेत असेल तर तोही त्यातच बोलून घ्यावा. ठरेल ते लिहून घ्यावे आणि चावी पैसे हातात आल्यावरच द्यावी.

कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे असे प्रकार झाल्यास 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, हेल्पलाइन 15100. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

नवा बॉन्ड करताना एक ओळ घालायला सांगावी : 'मुदतीत घर विकून खाली करून घेतल्यास मालक दोन महिने आधी लेखी कळवेल, कब्जा घेतेवेळी पूर्ण डिपॉझिट परत करेल व सामान हलवण्याचा खर्च देईल.' रक्कमही आकड्यात लिहिली तर पुढची घासाघीस वाचते.