भोकरच्या पुढचं जंगल आणि संशोधकाची वाट

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी भोकर सोडते आणि हिमायतनगर, सहस्रकुंड करत किनवटला पोचते. भोकरपर्यंत शेतंच शेतं, किनवटकडे मात्र सागाचं जंगल. "सर, दुर्गम भागात फिल्डवर्कला जायलाच हवं का? दप्तरातली कागदं पुरत नाहीत का?" पेटची तयारी करणारे मित्र हे नेहमी विचारतात. उत्तराआधी याच पट्ट्यातला इतिहास बघू.

1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे हैदराबादच्या हद्दीत होतं. 1940 मध्ये जमीन आणि जंगलाच्या हक्कासाठी लढणारे गोंड नेते कुमराम भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणं शोधायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. ते पत्नी बेटी यांच्यासह मारलावाई या गोंड गावात राहिले.

फायदा काय झाला? सरकारी कागदांत गोंड म्हणजे जंगलात अतिक्रमण करणारे. गावात राहिल्यावर दुसरी बाजू दिसली: राखीव जंगलाच्या हद्दी त्यांच्या कसत्या जमिनींवर आल्या होत्या आणि पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे होत होते. हे दप्तरात बसून कळलं नसतं. पुढे मारलावाईत गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, अनेक कुटुंबांना पट्टे मिळाले.

आता तोटा. 1970 च्या दशकात हाइमेनडॉर्फ परत आले, तेव्हा रस्ते झाले होते. त्याच रस्त्यांनी बाहेरचे शेतकरी, व्यापारी आले आणि गोंडांच्या जमिनी पुन्हा हातच्या गेल्या. त्यांच्या 1982 च्या पुस्तकात ही खंत आहे. रस्ते काही त्यांनी बांधले नव्हते, हे खरं. पण दुर्गमपणा हा त्रास असतो तसं कुंपणही असतो, हे इथे दिसतं.

दुसरी अडचण आपल्या कामाची. हाइमेनडॉर्फ सरकारने पाठवलेले पाहुणे होते. सरकारी पाहुण्याला लोक काय सांगतील आणि काय गिळून टाकतील? त्यांचं लेखन वाचताना हा प्रश्न विसरू नका.

मी स्वतः किनवटकडच्या एका पाड्यावर गेलो, तेव्हा एका आजीने आधी विचारलं, "तुम्ही मोजणीवाले का?" नाही म्हटलं, तरी जमिनीवर त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ते गप्प राहणं हाच माझा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

म्हणून जा, जरूर जा. पण आधी दप्तर वाचून जा, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा जा, आणि वहीत पहिल्याच पानावर लिहा: मला इथे कुणी पाठवलं, आणि माझ्या मागून या वाटेने कोण येईल?